मुलींमधील जन्मजात गुदद्वारविकृती : निदान, शस्त्रक्रिया व फलित

सुमारे ५००० जन्मांमागे एका अर्भकास गुदद्वार व मलाशय यांची जन्मजात विकृती असते. मुलींमध्ये बहुधा मलाशय योनिद्वारालगतच्या प्रघाणात अरुंद छिद्राने उघडतो. या छिद्रावाटे मलविसर्जन होत राहिल्याने विकृती दुर्लक्षित राहते. वरचे अन्न सुरू झाल्यावर बद्धकोष्ठ जडते आणि रेचके देण्यात काळ जाऊन मलाशय विस्फारतो. म्हणून जन्मतःच मूत्रद्वार, योनिद्वार व गुदद्वार ही तिन्ही स्वस्थानी आहेत की नाहीत, हे पाहणे अगत्याचे होय. तिन्हींच्या जागी एकच द्वार दिसल्यास तो अवस्कर समजावा. तेथे प्रथम पोटावर कृत्रिम मलद्वार करणे प्राप्त ठरते.

पेन्या व डी व्ह्रीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पाठीमागून मध्यरेषेत छेद घेऊन, विद्युत्-उद्दीपनाने स्नायू ओळखून, मलाशय संकोचक स्नायूंच्या मध्यभागी बसवितात. प्रघाणातील प्रकारात त्रिकास्थी सुघटित असल्यास पुढे मलनियंत्रण बहुधा चांगले राहते. मात्र बद्धकोष्ठाचा उपचार दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो.

सांगली जिल्ह्यात मिरजेस १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सातारा जिल्ह्यात कराड येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु जत वा पाटण तालुक्यातील खेड्यात जन्मलेल्या मुलीची पहिली तपासणी प्रसूतीच्या जागीच, परिचारिकेस करावयाची असते. शस्त्रक्रिया वेळेवर होणे तीवरच अवलंबून आहे.