वारसा मिळाला, विचार हरपला

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाच्या ‘ड्यून’ ह्या विज्ञानकादंबरीला प्रारंभी प्रकाशक मिळणेही दुरापास्त झाले होते. विसाहून अधिक प्रकाशकांनी नाकारलेले हे हस्तलिखित मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ख्यातनाम असलेल्या चिल्टन ह्या संस्थेने १९६५ साली छापले. पुढे ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला लाभले. आज तिच्या नावावर एक मोठा ग्रंथव्यवहार उभा आहे. तथापि, वर्षानुवर्षे त्या वाळवंटी ग्रहावर मनाने वावरलेला जुना वाचक नवे पुस्तक हाती घेताना कचरतो. ही त्याची निराशा उतारवयातील कुरकुर म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

हर्बर्ट यांनी १९८५ पर्यंत ह्या मालिकेत सहा कादंबऱ्या लिहिल्या. १९८६ साली त्यांचे निधन झाले आणि कथा अर्ध्यावर राहिली. १९९९ पासून त्यांचे पुत्र ब्रायन हर्बर्ट आणि केव्हिन अँडरसन ह्यांनी मिळून पंधराहून अधिक कादंबऱ्यांची भर घातली. मूळ लेखकाने जेथे जेथे मौन पाळले होते, तेथे तेथे आता एकेक ग्रंथ उभा आहे. प्रश्न संख्येचा नाही. त्या मौनात जो अर्थ होता, त्याचे काय झाले, हा आहे.

हर्बर्ट यांच्या साम्राज्यात संगणक नाहीत. हजारो वर्षांपूर्वीच्या ‘बटलेरियन जिहाद’ ह्या उठावानंतर विचार करणाऱ्या यंत्रांवर बंदी आली आणि गणनेचे काम ‘मेंटाट’ म्हणविणाऱ्या माणसांनाच शिकावे लागले. ह्या उठावाविषयी मूळ कादंबरी फार थोडे सांगते: परिशिष्टात एक नोंद आणि पहिल्याच प्रकरणात एका वृद्धेने कोवळ्या पॉलला करून दिलेली जाणीव. तिचा आशय असा की, विचाराचा भार यंत्रांवर टाकून सुटका शोधणारा समाज अखेर यंत्रांच्या धन्यांचा बंदा होतो. म्हणजे येथे खरा अपराधी यंत्र नव्हे. माणसाच्या आळसाचा लाभ माणसानेच उठविला होता.

२००२ ते २००४ ह्या काळात ह्याच उठावावर तीन कादंबऱ्या आल्या. त्यांतही आरंभी काही माणसेच यंत्रांच्या बळावर सत्ता बळकावतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु लवकरच कथेचा सारा भार ओम्निअस नावाच्या सर्वव्यापी यंत्रमनावर आणि इरॅस्मस ह्या क्रूर यंत्रमानवावर येतो. इरॅस्मस एका मातेचे तान्हे मूल ठार करतो आणि त्या ठिणगीने उठाव पेटतो. वाचकाने स्वतःच्या मनात डोकावण्याचे कारणच उरत नाही. दुष्ट कोण, हे त्याला दिसलेले असते. १९८५ च्या शेवटच्या कादंबरीच्या अखेरीस अवतरणारे गूढ वृद्ध जोडपे कोण, ह्याचा वाचकांनी दोन दशके विचार केला. मूळ मजकुरातील खुणा रूप पालटणाऱ्या ‘फेस डान्सर’ जमातीकडे बोट दाखवीत होत्या. २००६ साली उत्तर मिळाले ते असे की, ते दोघे म्हणजे पुन्हा ओम्निअस आणि इरॅस्मसच!

पुत्राने पित्याची कथा पुढे नेऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. शेवटच्या दोन कादंबऱ्यांना पित्याच्या टिपणांचा आधार होता, असे लेखकद्वयाने सांगितले आहे. पण वाचकांना मिळाली ती त्यावर रचलेली पुस्तके. टॉल्किन ह्यांचे पुत्र ख्रिस्तोफर ह्यांनी निराळा मार्ग धरला. १९८३ ते १९९६ ह्या काळात त्यांनी पित्याचे खर्डे टिपांसह बारा खंडांत छापले आणि अपुरे होते ते अपुरेच दाखविले. तेथे पित्याचा शब्द कोणता आणि पुत्राचा कोणता, हे वाचकाला कळते. आपल्याकडे प्राचीन ग्रंथांतील क्षेपके वेगळी काढण्यासाठी विद्वानांनी आयुष्ये वेचली, ती ह्याच भेदापायी.

२०२१ आणि २०२४ च्या चित्रपटांमुळे ‘ड्यून’ला नवा तरुण वाचक मिळाला आहे. हाच तरुण आज निबंध, पत्र, हिशेब आणि कित्येकदा निर्णयही संगणकाकडून करवून घेतो. त्याला यंत्रे उद्या बंड करतील काय, ह्या भयापेक्षा ती आज कोणाच्या मालकीची आहेत, ह्या प्रश्नाची अधिक गरज आहे. तो प्रश्न १९६५ च्या कादंबरीत थोडक्या शब्दांत विचारलेला आहे. नंतरच्या ग्रंथांच्या राशीखाली तो दिसेनासा व्हावा, हेच जुन्या वाचकाचे खरे दुःख आहे. नव्या वाचकाने निदान आरंभ तरी पहिल्या पुस्तकापासून करावा.