फॉन्ट बदलला, मराठी तशीच राहिली

वार्षिक अहवाल, स्मरणिका, प्रश्नपत्रिका, ग्रंथालयांच्या याद्या अशा शेकडो पानांच्या वर्ड फाइलींचा फॉन्ट, आकार आणि ठळकपणा हाताने बदलण्यात तासन्‌तास जातात. कोडने हे काम काही मिनिटांत होते. तरीही अनेक जण एकदा प्रयत्न करून ते सोडून देतात, कारण इंग्रजी मजकुरासाठी दिलेली उदाहरणे मराठीवर अर्धवटच चालतात. त्यामागे फाइलच्या अंतरंगाविषयीचे काही गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की वर्डची फाइल फक्त वर्डमध्येच उघडते आणि बदलते. 2007च्या वर्डपासून रूढ झालेली ‘डॉक्स’ फाइल म्हणजे प्रत्यक्षात झिप केलेला गठ्ठा असतो. त्यात मजकूर, शैली, चित्रे वेगवेगळी ठेवलेली असतात आणि मजकूर साध्या एक्सएमएलमध्ये लिहिलेला असतो. हा आराखडा 2006 साली ईसीएमएचे आणि 2008 साली आयएसओचे मानक म्हणून जाहीर झाला, त्यामुळे तो कोणालाही वाचता येतो. ‘पायथन-डॉक्स’ ही लायब्ररी त्यावरच काम करते. संगणकावर वर्ड असण्याची गरज नाही. जुन्या ‘डॉक’ फाइली मात्र आधी नव्या प्रकारात जतन करून घ्याव्या लागतात.

दुसरा गैरसमज मराठी माणसाला सर्वांत जास्त छळतो: आकार 14 केला, की सगळा मजकूर 14चा होतो. कोड चालते, चूक दाखवत नाही, फाइल उघडून पाहावी तर इंग्रजी शब्द मोठे झालेले आणि मराठी जशीच्या तशी! याचे कारण फाइलच्या रचनेतच आहे. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे ‘रन’ला, स्वरूपाच्या दोन समांतर नोंदी असू शकतात. एक रोमनसारख्या लिप्यांसाठी, दुसरी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. देवनागरी, अरबी, हिब्रू या दुसऱ्या गटात येतात. आकाराची नोंद ‘एसझेड’ या खुणेत असते, देवनागरीची मात्र ‘एसझेडसीएस’मध्ये. ठळकपणासाठी ‘बी’ आणि ‘बीसीएस’ अशी जोडी आहे. फॉन्टच्या नावालाही ‘सीएस’ हा वेगळा रकाना आहे. पायथन-डॉक्समध्ये फॉन्टचे नाव किंवा आकार दिला, की तो फक्त रोमनच्या नोंदीत जातो. ठळकपणासाठी तिथे ‘सीएस-बोल्ड’ हा गुणधर्म मिळतो. नाव आणि आकार यांसाठी मात्र एक्सएमएलमध्ये उतरून ती खूण स्वतः लिहावी लागते. आकार अर्ध्या पॉइंटात मोजलेला असतो, म्हणून 14साठी 28 लिहायचे. लिबरऑफिसमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांनाही हेच द्वैत भेटते: ‘कॅरहाइट’ रोमनचा, ‘कॅरहाइटकॉम्प्लेक्स’ आपला. मराठी अहवालात इंग्रजी नावे येणारच, म्हणून दोन्ही नोंदी एकदमच बदलणारे छोटे फंक्शन लिहून ठेवणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

‘परिच्छेदाचे पहिले अक्षर रंगीत करायचे, तर पहिला कॅरॅक्टर घ्यावा’ हेही मराठीत खरे नाही. ‘किल्ला’ शब्दातला पहिला कॅरॅक्टर घेतला, तर हाती नुसता ‘क’ येतो आणि वेलांटी पुढच्या रनमध्ये एकटी पडते. ‘स्त्री’ हे आपल्यासाठी एकच अक्षर आहे. युनिकोडमध्ये ते सहा कॅरॅक्टरांचे आहे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. मधेच रन तोडला तर जोडाक्षर फुटते. म्हणून कोडने अक्षराची सीमा शोधून तिथेच तोडले पाहिजे.

ठळक मजकूर शोधतानाही फसगत होते. रनचा ‘बोल्ड’ विचारला आणि उत्तर ‘नन’ आले, म्हणजे मजकूर ठळक नाही असे नव्हे. ठळकपणा शैलीवरून ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. शीर्षके बहुधा अशीच असतात. म्हणूनच शक्य तिथे एकेका रनला हात लावण्याऐवजी शैलीच बदलावी. मात्र कोणी हाताने थेट दिलेले स्वरूप शैलीवर मात करते, ते आधी काढावे लागते. शिवाय पायथन-डॉक्समधील परिच्छेदांच्या यादीत तक्त्यांमधला मजकूर येत नाही, शीर्षटीप आणि तळटीपही नाही. त्यांच्याकडे वेगळे जावे लागते.

राहिला जुन्या फाइलींचा प्रश्न. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर कोडने ‘मंगल’मध्ये नेला, की युनिकोड होतो, असे अनेकांना वाटते. तसे केल्यावर पानभर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. त्या फाइलींत देवनागरी साठवलेलीच नसते. रोमनच्या जागांवर फॉन्टने देवनागरी आकार बसवलेले असतात. तिथे स्वरूप बदलून भागत नाही, मजकूरच बदलावा लागतो. त्या त्या फॉन्टसाठी वेगळा परिवर्तक लागतो, आणि अक्षराच्या आधी टंकलेली ऱ्हस्व वेलांटी व अक्षरानंतर टंकलेला रफार यांचे क्रम उलटवावे लागतात. शब्द अनेक रनमध्ये विभागलेला असेल तर त्याच फॉन्टचे शेजारचे रन आधी जोडून घ्यावेत, आणि परिवर्तनानंतर ‘दुसऱ्या’, ‘कार्यकर्ता’, ‘मूर्ती’ असे शब्द डोळ्यांखालून घालावेत.