देवलोकाचं ताट

कल्पित देश खरा वाटू लागतो तो तिथल्या जेवणामुळे. टोल्किनचे हॉबिट जमलं तर दिवसातून सहा वेळा जेवतात; त्याच्या एल्फांची 'लेम्बास' पानात गुंडाळून प्रवासात नेली जाते. महाभारतात सूर्याने युधिष्ठिराला दिलेली थाळी द्रौपदी जेवेपर्यंत रिती होत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी जेवते. या एका नियमावर दुर्वासांच्या भेटीचं सारं नाट्य उभं आहे.

आगरी-कोळी पट्ट्यात तर देवलोकच घरी जेवायला येतो. अनुराधा नक्षत्रावर आलेल्या गौरीला ज्येष्ठा नक्षत्रावरच्या पूजेला अनेक घरांत मटण, मासे, चिंबोऱ्या असं 'तिखट' ताट वाढतात. शेजारी बसलेल्या गणपतीला मात्र मोदक! काही घरांत नैवेद्याच्या वेळी दोघांमध्ये पडदाही धरतात. माहेरवाशिणीला तिच्या आवडीचंच वाढायचं, ही त्यामागची भावना. कायस्थ प्रभूंच्या अनेक घरांतही ही रीत आहे.

अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या मुलांनी परक्या मेजवान्या उसन्या घेण्याआधी आपल्या आजीला गौरीच्या ताटाविषयी जरूर विचारावं.