१५ जण उतरले, १२ जण पोहोचले. पहिली ‘आयर्नमॅन’ कशी झाली?

‘आयर्नमॅन’ म्हटलं की मोठी गर्दी आणि महागड्या सायकली डोळ्यांसमोर येतात. पण १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईतील ओआहू बेटावर झालेल्या पहिल्या स्पर्धेत अवघे १५ जण उतरले होते.

कल्पना कोणाची?
अमेरिकी नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांची. पोहणारा, सायकल चालवणारा की धावणारा, सर्वांत दमदार कोण, असा वाद रंगला होता. कॉलिन्स यांनी बेटावरच्या तीन शर्यती जोडल्या: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकलिंग आणि ४२.२ किमी धावणं. तेही एकाच दिवशी!

अडचण कुठे आली?
पाण्याची. प्रत्येकाने स्वतःचे मदतनीस आणायचे होते. सायकलिंगनंतर आघाडीवर असलेल्या जॉन डनबार यांच्या मदतनिसांकडचं पाणी धावताना संपलं. त्यांनी चक्क बिअर दिली! गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत जिंकले. डनबार अर्ध्या तासाहून अधिक मागे पडले. पण थांबले नाहीत, दुसरे आले.

नवख्यांनी काय घ्यावं?
वेगाआधी पाणी आणि खाण्याचं नियोजन करा. थेट पूर्ण अंतर नको. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ निम्म्या अंतराची आहे. पहिल्या वेळी एकच लक्ष्य ठेवा: शेवटची रेषा ओलांडायची.