मातीविना घडलेलीं भांडीं

मातीकाम पाहावयास म्हणून आम्ही जयपुरांतील ब्लू पॉटरीच्या एका कारखान्यांत गेलों. पण तेथें कुंभाराची चिकणमाती कोठेंच दिसेना! गारगोटीचें पीठ, कुटलेली कांच, थोडी मुलतानी माती व डिंक यांची कणीक मळून ती साच्यांत थापतात. चाकावर चढण्याइतकी ती चिवट नसते. मग पांढऱ्या लेपावर कोबाल्टची नक्षी काढून वर कांचेची झिलई देतात. रंग प्रथम काळसरच दिसतो; निळाई उमटते ती भट्टींत. भाजणी एकदांच होत असल्यामुळें चूक सुधारण्यास दुसरी संधि नाहीं. तडकलेल्या सुरयांची रास कोपऱ्यांत पडलीच होती.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला लोपत चालली होती. शांतिनिकेतनांत शिकलेले चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनीं तिला जीवदान दिलें. १९७४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

घासाघीस करण्याचा आमचा बेत होता. ती रास पाहून आम्ही गप्प बसलों, व सांगितल्या किंमतीस एक बरणी घेतली. घरीं आजींनीं ती उलटीसुलटी करून विचारलें, "हिच्यांत लोणचें मुरेल का?" शोभेचीच ती, नाहीं म्हणावें लागलें. आतां तींत देवघराचीं फुलें असतात.