लिंबूटिंबूची कैफियत

विरारमध्ये वाढलेल्या क्रिकेटपटू पृथ्वी शॉने २०१३ साली हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या एकाच डावात ५४६ धावा केल्या, त्याचा वसई-विरारकरांना अभिमान वाटावा हे स्वाभाविकच होय. परंतु पोरांच्या राज्यात चेंडू झेलणे हीच जेथे प्रतिष्ठेची सनद ठरते, तेथे ज्याच्या हातून सोपा झेलही निसटतो त्याच्या वाट्याला काय येते, याची शहानिशा सहसा कोणी करीत नाही.

अशा मुलांपैकी काहींच्या अवस्थेला वैद्यक ‘डिस्प्रॅक्सिया’ म्हणते. बुद्धी शाबूत, स्नायू धड, दृष्टी निर्दोष. तथापि मनाने योजलेली हालचाल शरीराकडून वेळेवर आणि नेमकी पार पडत नाही. सदऱ्याची गुंडी, बुटाची नाडी, वहीतले अक्षर, विरार लोकलच्या दाराशी होणारी चढउतार, अशा साध्या व्यवहारांतही त्यांची त्रेधा उडते. शाळकरी मुलांत हे प्रमाण शेकडा ५ ते ६ मानले जाते. म्हणजे साठांच्या वर्गात सरासरी तिघे.

या तिघांची खरी परीक्षा मैदानावर होते. दोन कप्तान आळीपाळीने गडी निवडू लागले की हा शेवटपर्यंत उभा राहतो, आणि अखेर ‘लिंबूटिंबू’ म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडतो. पुढे टोपणनाव चिकटते, नकला सुरू होतात, आणि अक्षरावरून गुरुजींनीही ‘आळशी’ म्हटले की त्या थट्टेवर जणू सरकारी शिक्का बसतो. मूल खेळ टाळू लागते. खेळ टळला की सराव बुडतो, आणि सराव बुडाला की अवघडलेपण वाढते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुसान हार्टर यांनी दाखवले की मूल अभ्यास, खेळ, रूप, मैत्री या प्रत्येक प्रांतात स्वतःला निराळे तोलते. म्हणून ‘गणितात हुशार आहेस ना?’ हे आईचे सांत्वन मैदानावरची मानहानी भरून काढू शकत नाही.

कायद्याने या मुलांची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतांमध्ये डिस्प्रॅक्सियाचा उल्लेख आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. उपचारांची परंपराही आपल्या जवळचीच: परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपीचे) शिक्षण सुरू केले. एखादे काम निवडावे, ते कसे करायचे हे मुलानेच योजावे, करून पाहावे आणि कोठे चुकले ते तपासावे, अशी या शास्त्रातली एक आधुनिक पद्धती आहे.

मात्र दिव्यांगत्वाचा दाखला कपाटात आणि उपचार दवाखान्यात असताना मधल्या सुट्टीतली टवाळी तशीच चालू राहते. नॉर्वेत १९८३ साली छळविरोधी मोहीम हाती घेताना मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी पीडित मुलाला धीट बनवण्यावर भिस्त न ठेवता शाळेचे नियम, शिक्षकांची देखरेख आणि बघ्यांची भूमिका बदलण्यावर भर दिला. त्याच न्यायाने क्रीडाशिक्षकांनी संघ चिठ्ठ्या टाकून पाडावेत, धावसंख्येइतकेच मोल स्वतःच्या मागील कामगिरीवर केलेल्या प्रगतीला द्यावे, आणि नक्कल करणाऱ्यास तेथल्या तेथे समज द्यावी. हालचालींचा मेळ सुधारण्यास वर्षे लागतील. गडी निवडण्याची रीत बदलण्यास मात्र पुढचा खेळाचा तास पुरेसा आहे.