कऱ्हाडचा ‘ऱ्ह’ आणि पत्रिकेतील अक्षर

लग्नपत्रिकेचा कागद निवडण्यासाठी घरातील चार मंडळी एकत्र बसतात. रंग, गणपतीचे चित्र, पाकिटाची जाडी यांवर तासभर चर्चा होते. अक्षराची निवड मात्र बहुधा डीटीपी करणाऱ्यावर सोपवली जाते. वैयक्तिक लेटरहेड किंवा व्हिजिटिंग कार्ड छापतानाही हेच घडते. वास्तविक पाहुण्यांनी वाचायचे असते ते अक्षरच, आणि त्यातही स्वतःचे व गावाचे नाव.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याचे उदाहरण घेता येईल. येथील अनेक कुटुंबांचे एक घर गावी, तर दुसरे मुंबईत असते. पत्रिका मुंबईत छापली, तरी तिच्यात मल्हारपेठ, म्हावशी, मंद्रुळकोळे अशी गावे येतात आणि मंगल कार्यालय पुष्कळदा कऱ्हाडचे असते. कोणताही टंक पारखण्यास एवढी नावे पुरेशी आहेत. ‘मल्हारपेठ’मधील अर्धा ‘ल’ ठसठशीत उमटतो का, ‘मंद्रुळ’मधील ‘द’च्या पोटातला ‘र’ आणि खालचा उकार एकमेकांत गुंततात का, हे आधी पाहावे. खरी कसोटी ‘ऱ्ह’ची. चंद्रकोरीसारखा हा अर्धा ‘र’ मराठीच्या खास गरजेचा आहे. हिंदीला तो लागत नाही. ज्या टंकात त्याची सोय नसते, तेथे रफार येऊन बसतो, आणि कऱ्हाडचे ‘कर्हाड’, वऱ्हाडींचे ‘वर्हाडी’ होते. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु रफाराने अर्थही पालटतो. कोयनाकाठच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांच्या जागी आचार्य येतात!

‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणे. संगणकावरील अनेक टंकांत मात्र उत्तरेकडील वळणे आधी दिसतात. मराठी वळण टंकात दडलेले असले, तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याखेरीज ते पुष्कळदा प्रकट होत नाही. प्रमाण वर्णमालेविषयीच्या राज्य शासनाच्या २००९ आणि २०२२ मधील निर्णयांमुळे हा विषय वेळोवेळी चर्चेत आला. पत्रिकेवर अर्थात शासनाची सक्ती नाही. पण ‘शुभविवाह’ या शब्दाचे पहिलेच अक्षर परके वाटावे, हे काही बरे नव्हे.

अभिजात वळण हवे असेल, तर त्याचा मूळ पत्ता मुंबईचा आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी आधी टाईप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. बोरूने लिहिलेल्या बाळबोध अक्षराची जाड-बारीक रेषा, भरदार गोलाई आणि नीट बसवलेली जोडाक्षरे ही या छापखान्याच्या टाईपाची ओळख ठरली. संस्कृत ग्रंथांच्या छपाईत त्याला देशभर मान होता. खिळे जुळवण्याचा काळ सरला, तरी ते वळण लोपलेले नाही. ‘टायरो देवनागरी मराठी’ हा विनामूल्य टंक त्या परंपरेशी नाते सांगतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आणि त्याच्या आधारे आयआयटी मुंबईने सिद्ध केलेला ‘शोभिका’ हेही मजकुरासाठी उत्तम. मुंबईच्या ‘एक टाईप’चा ‘मुक्त’ एकसारख्या जाडीचा आहे. कचेरीच्या लेटरहेडला तो शोभतो, पत्रिकेत मात्र थोडा रुक्ष वाटतो. नक्षीदार टंक वधूवरांच्या नावांपुरता ठेवावा. संपूर्ण आमंत्रण त्यात छापले, तर आजोबांना ते वाचून दाखवावे लागते.

काही चुका टंकाच्या नव्हेत, वापराच्या असतात. इंग्रजी नावाप्रमाणे अक्षरांत मुद्दाम अंतर सोडले, की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने देवनागरीला दोन ओळींत अधिक जागा लागते. शेजारी इंग्रजी मजकूर असेल, तर मराठी अक्षर थोडे मोठे घ्यावे, म्हणजे दोन्ही सारखी दिसतात. सोनेरी फॉइलची छपाई करायची असल्यास फार बारीक रेषांचा टंक टाळावा; लहान आकारात रेषा तुटतात किंवा जोडाक्षरांची पोकळी भरून जाते.

आणखी एक अडचण ठाऊक असावी. अनेक छपाईच्या दुकानांत अजूनही श्रीलिपीसारख्या प्रणालींतील जुने, युनिकोडपूर्व टंक वापरले जातात. त्यांतील कित्येक टंक देखणे आहेत. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला मजकूर त्यांत थेट बसत नाही. तो रूपांतरित करावा लागतो किंवा पुन्हा टाईप करावा लागतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर जोडाक्षरे बिघडतात. त्यामुळे मोबाइलवर आलेले चित्र पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नये. पत्रिकेच्या प्रत्यक्ष आकारातील कागदी प्रूफ मागवावे आणि प्रथम आडनावे, मग गावे, मग मुहूर्ताचे आकडे असे बोट ठेवून वाचावे. शक्यतो हे काम घरातील अशा माणसाकडे द्यावे, ज्याने मजकूर लिहिलेला नाही.